सुरक्षिततेच्या सूचना कुठवर पुरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि गृहनिर्माण संस्थांत लैंगिक अत्याचाराविषयी बोलायला गेल्यावर जे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून येतात आणि नंतर निरोपांतूनही पुन्हा पुन्हा पोहोचतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकाच मुद्द्याचे उत्तर दोनदा दिलेले नाही. संबंधित प्रश्नाचा क्रमांक त्या त्या ठिकाणी दिला आहे.

१. काळजी घ्यायला सांगण्यात गैर काय आहे? तुम्ही सूचनांच्या विरोधात आहात का?

नाही. परगावी मुक्काम करताना तो कुठे आहे हे कोणाला तरी सांगून ठेवावे, रिक्षात बसण्यापूर्वी तिचा क्रमांक पाहून घ्यावा, असे सांगण्यात काहीही गैर नाही. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली अशी की, सूचना घटनेच्या आधी दिली जाते तेव्हा ती माहिती असते, पण तीच घटनेनंतर उच्चारली गेली की तिचा आरोप होतो, शब्द मात्र तेच राहतात. दुसरी अशी की, सूचना फार तर एका व्यक्तीपुरता एका जागचा धोका टाळते. एखादी मुलगी गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने गेली, म्हणून त्या गल्लीत टपून बसलेला माणूस घरी जात नाही. तो पुढच्या मुलीची वाट पाहतो. तेव्हा सूचनांनी अत्याचारांची एकूण संख्या कमी होईल, ही अपेक्षाच मुळात चुकीच्या ठिकाणी ठेवलेली आहे.

२. बहुतेक अत्याचार रात्री, निर्जन जागी, अनोळखी माणसाकडूनच होतात ना?

नाही, आणि बहुतेक सूचनांचा पाया येथेच ढासळतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले आहेत. अशा गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी फिर्यादीच्या ओळखीचा असतो, असे या विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ, घरमालक अशी ही ओळख असते.

या आकड्याकडेही थोडे डोळसपणे पाहायला हवे. त्यात लग्नाचे आमिष दाखवून संबंध ठेवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात येतात आणि त्यामुळे ओळखीच्या आरोपींचे प्रमाण वाढते, असा आक्षेप घेतला जातो, तो निराधार नाही. परंतु नोंदच न झालेल्या घटना पाहिल्या तर चित्र ओळखीच्या माणसांकडे अधिकच झुकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ज्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांनी लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले, त्यांच्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींनी सध्याच्या पतीकडे बोट दाखवले. त्याच सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांनीच कोणाची तरी मदत मागितली होती. दिवेलागणीच्या आत घरी या, ही सूचना यांतल्या कितीजणींच्या उपयोगाची होती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. (पतीविषयी कायदा काय म्हणतो, यासाठी प्रश्न ११ पाहा.)

३. तरीही रात्री बाहेर न पडल्याने आणि सोबत असल्याने धोका कमी होतोच ना?

एखाद्या विशिष्ट प्रसंगी होत असेलही. पण ज्या घटनांनी देश हादरला, त्या नीट आठवून पाहाव्यात. कारण त्यांतल्या बहुतेक स्त्रियांनी नियम पाळलेले होते.

दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ रोजी ती तरुणी मित्रासोबत होती आणि चित्रपट पाहून घरी परतण्यासाठी साडेनऊच्या सुमारास बसमध्ये चढली होती. मुंबईत २२ ऑगस्ट २०१३ रोजी शक्ती मिलच्या आवारात गेलेली छायाचित्रकार संध्याकाळी, कामावर असताना, पुरुष सहकाऱ्यासह तेथे होती. हल्लेखोरांनी त्या सहकाऱ्याला बांधून ठेवले. पुण्यात २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या तरुणीने रस्त्यावरची रिक्षा केली नव्हती. ती तिच्या कंपनीने ठरवून दिलेल्या गाडीत बसली होती, आणि तिच्यावर अत्याचार करून तिचा खून करणाऱ्यांत त्या गाडीचा चालकच होता. कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये जिचा जीव गेला, ती डॉक्टर रुग्णालयातच, कामावरच्या रात्री, सभाकक्षात विश्रांती घेत होती. सोबत ठेवा, वेळेत निघा, कार्यालयाचीच गाडी वापरा, कामाच्या जागी थांबा, या चारही सूचना येथे पाळल्या गेल्या होत्या.

यावर हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे आणखी कडक सूचना. कोलकात्याच्या घटनेनंतर पश्चिम बंगाल सरकारने महिला डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये, असा निर्देश काढला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर आक्षेप घेतला आणि सुरक्षा पुरवणे हे सरकारचे काम आहे, स्त्रियांना रात्री काम करू नका असे सांगता येणार नाही, अशी भूमिका घेतली. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा कायदा रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीने काम करण्यास तिची संमती आवश्यक मानतो आणि संरक्षणाची व वाहतुकीची व्यवस्था मालकावर सोपवतो. कागदावर ही दिशा योग्य आहे. सूचना कोणाला द्यायची, हे त्यात निदान नीट ठरवलेले आहे.

४. कपड्यांचा काहीच संबंध नाही असे कसे म्हणता?

प्रश्न २ मधील आकडे पुन्हा पाहावेत. घरात, शेतात, शाळेत, रुग्णालयात अत्याचार झालेल्यांत साडी नेसलेल्या, गणवेश घातलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आणि बालवाडीतल्या, सगळ्याच आहेत. याहून अधिक शब्द या प्रश्नावर खर्च करावेत असे आम्हाला वाटत नाही.

५. ती ओरडली का नाही? हातपाय का झाडले नाहीत?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक वेळा येतो, आणि बहुतेक वेळा तो दुष्टपणाने विचारलेला नसतो. विचारणाऱ्याला खरोखरच उमगत नाही. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

जिवावरचे संकट ओढवले की शरीर पळते किंवा लढते, हे आपण शाळेत शिकतो. पण तिसरी प्रतिक्रिया शिकत नाही, ती म्हणजे गोठून जाणे. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, आणि हे मनाने ठरवून होत नाही. स्टॉकहोम येथील बलात्कारपीडितांसाठीच्या रुग्णालयीन केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी लक्षणीय प्रमाणात, आणि ४८ टक्के स्त्रियांनी अतितीव्र प्रमाणात असे गोठणे अनुभवले होते. ज्यांनी ते अनुभवले, त्यांच्यात पुढे मानसिक आघाताचे विकार आणि तीव्र नैराश्य अधिक आढळले. याचे एक कारण समजणे अवघड नाही: "मी काहीच कसे केले नाही" हा प्रश्न इतरांच्या आधी त्या स्वतःलाच विचारत असतात.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिच्या अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, या कारणांना महत्त्व देऊन न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरवले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले, की शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक नाही का? त्या पत्रातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. आज भारतीय न्याय संहितेचे कलम ६३ स्पष्टपणे सांगते, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून स्त्रीने संमती दिली असे मानता येणार नाही.

कायदा बदलला, बोलण्याची तऱ्हा मात्र फारशी बदललेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात पहाटे फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीला "ताई" म्हणून हाक मारून, गाडी दुसरीकडे लागली आहे असे सांगून, उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये नेऊन अत्याचार केल्याचा आरोप एका इसमावर आहे. त्यानंतर स्थानकाचे दिवे, रखवालदार आणि कुलूप न लावता उभ्या ठेवलेल्या बस यांच्याइतकीच चर्चा ती ओरडली की नाही यावर झाली.

६. मग स्वसंरक्षणाचे वर्ग बंदच करावेत का?

नाही. येथे आमच्या म्हणण्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो लपवणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. कॅनडातील तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाला चार भागांत मिळून १२ तासांचे प्रशिक्षण दिले होते, दुसऱ्या गटाला केवळ माहितीपत्रके. वर्षभरात बलात्कार सोसावा लागण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के होते, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. हा फरक लहान नाही.

पण त्या १२ तासांत काय शिकवले जात होते हे पाहिले पाहिजे. ओळखीचा माणूस दबाव कसा वाढवत नेतो, आपल्याला खटकलेली गोष्ट आपणच "त्याचा तसा हेतू नसेल" म्हणून कशी झटकून टाकतो, ओळख आणि भीड यांमुळे नकार घशात कसा अडकतो, आणि तरीही तो मोठ्याने कसा द्यायचा, यावर त्यातला मोठा भाग होता. शारीरिक डावपेच त्यानंतर आले. आपल्याकडील शिबिरांत बहुधा अंधारातल्या गुंडाला कोपर कसे मारावे हे दोन तासांत दाखवले जाते. मावसभावाला, सरांना किंवा मैत्रिणीच्या काकांना "हात काढा" असे कसे म्हणावे, याचा सराव तेथे क्वचितच होतो. शिवाय उत्तम प्रशिक्षणानंतरही धोका शून्यावर येत नाही, हे वरचाच आकडा सांगतो. शिकलेली मुलगी ऐन वेळी गोठू शकते (प्रश्न ५).

कायद्याविषयी एक भीती मात्र निराधार आहे. बलात्काराच्या हेतूने झालेल्या हल्ल्यापासून बचाव करताना हल्लेखोराचा मृत्यू ओढवला, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ नुसार खासगी संरक्षणाचा हक्क तेथपर्यंत पोहोचतो.

७. मिरचीचा फवारा, मोबाइल अ‍ॅप, पॅनिक बटण यांचा उपयोग होतो का?

जवळ ठेवायला हरकत नाही. भारतात २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये आपत्कालीन बटणाची सोय सक्तीची आहे. ११२ या क्रमांकाशी ती कशी जोडलेली आहे, हे आपल्या फोनवर एकदा तपासून घ्यावे. मात्र ही साधने हल्लेखोर अनोळखी असेल, हात मोकळे असतील आणि पलीकडून कोणीतरी वेळेवर येईल, अशी तीन गृहीतके धरतात.

८. चोरी होऊ नये म्हणून आपण घराला कुलूप लावतोच ना? मग स्त्रीने काळजी घेतली तर बिघडले कुठे?

हे उदाहरण प्रत्येक सत्रात कोणीतरी देते, बहुधा एखादे निवृत्त गृहस्थ, आणि ते मनापासून देतात. म्हणून ते पुरते तपासून पाहू. कुलूप लावायला काही क्षण लागतात. रोज संध्याकाळी कुठे जायचे, कोणाबरोबर, काय घालून आणि किती वाजता परतायचे, याचा आयुष्यभर हिशेब ठेवावा लागत नाही. कुलूप न लावलेल्या घरात चोरी झाली तरी ती चोरीच असते. ठाणे अंमलदार तुम्हाला दागिने घालून मिरवायची सवय होती का असे विचारत नाही, आणि चोराचा वकील "यांनी पूर्वीही लोकांना भेटवस्तू दिल्या आहेत" असा बचाव करत नाही. आणि शेवटचे, प्रश्न २ मधील आकड्यांनुसार ज्याच्यापासून घर जपायचे, त्याच्याकडे बहुतेक वेळा किल्ली आधीच असते.

९. या सूचना सगळ्याच स्त्रियांना लागू पडतात का?

पडत नाहीत. त्या वाचल्या की कळते, की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शहरातली, स्वतःचा फोन आणि स्वतःची खोली असलेली, नको असलेल्या जागेतून उठून जाऊ शकणारी मुलगी असते.

बीडमधून साखर कारखान्यांच्या फडांवर जाणारी ऊसतोड कामगार बाई हंगामाचे पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते. कोपीला दार नसते, तेव्हा दार आतून बंद करा ही सूचना तेथे निरर्थक आहे. शौचालय नसते, म्हणून अंधारात बाहेर जाऊ नका हेही सांगता येत नाही. मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती फिटल्याशिवाय फड सोडता येत नाही, मग त्रास देणारा खुद्द मुकादम असला तरी. अशा ठिकाणी सुरक्षिततेची सूचना कारखान्याला आणि प्रशासनाला द्यावी लागते: शौचालय, दिवा, तक्रार घेणारी स्त्री, आणि उचलीच्या हिशेबाची कागदोपत्री नोंद. घरकाम करणाऱ्या स्त्रियांबाबतही असेच आहे. जेथे त्या काम करतात ते घर म्हणजेच कामाचे ठिकाण, आणि २०१३ च्या कामाच्या ठिकाणावरील लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार त्यांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे किती घरमालकिणींना ठाऊक आहे?

१०. मुलांना "चांगला स्पर्श, वाईट स्पर्श" शिकवले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

शिकवावेच, पण त्यावर विसंबू नये. केंद्र सरकारने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते, त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते, आणि सुमारे निम्मे अत्याचारी मुलांच्या विश्वासातले होते. अशा माणसाचा स्पर्श आरंभी वाईट वाटतच नाही. त्यात लाड असतात, खाऊ असतो आणि "आपले गुपित" असते. म्हणून स्पर्शाइतकेच गुपिताविषयी बोलावे, आणि पाहुण्यांना पापी द्यायला मूल नको म्हणाले तर ते निमूटपणे मान्य करावे.

ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या बदलापूरच्या प्रकरणातील मुली बालवाडीत शिकत होत्या. त्या वयाला कोणती सूचना पुरली असती? तेथे प्रश्न शाळेने कोणाला कामावर घेतले, स्वच्छतागृहापाशी कोण होते आणि पालक तक्रार घेऊन आल्यावर काय झाले, हेच आहेत. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "आधी चौकशी करू" असे म्हणण्याचा पर्याय शाळेला नाही.

११. नवऱ्याकडून, किंवा एखाद्या पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर अत्याचार झाला तर?

सूचनांच्या यादीत यांतले कोणीच नसते, आणि कायद्याचा आधारही तोकडा आहे. भारतीय न्याय संहितेतील बलात्काराविषयीच्या कलम ६३ चा अपवाद असा, की पत्नी १८ वर्षांहून कमी वयाची नसल्यास पतीचे कृत्य बलात्कार ठरत नाही. विभक्त राहणाऱ्या पत्नीवरील अत्याचार मात्र कलम ६७ खाली गुन्हा आहे. एकत्र राहणाऱ्या पत्नीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा मार्ग मोकळा आहे, कारण त्यात लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे.

१८ वर्षांखालील मुलग्यांना पॉक्सोचे पूर्ण संरक्षण आहे. सज्ञान पुरुषांसाठी जुन्या दंड संहितेतील कलम ३७७ चा निदान आधार होता. त्याचा समकक्ष नव्या संहितेत ठेवलेला नाही. तृतीयपंथी व्यक्तींवरील लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या कायद्यात कमाल शिक्षा दोन वर्षांची आहे.

१२. मुलगी शिकायला पुण्याला चालली आहे. मग तिला सांगू तरी काय?

जे सांगाल त्याला आधी एक कसोटी लावा: ही गोष्ट तिने पाळली नाही आणि काही घडले, तर ती ते तुम्हाला सांगायला धजावेल का? "पार्टीला गेलीस तर माझ्याशी गाठ आहे" असे बजावून पाठवलेली मुलगी पार्टीत काही झाल्यास सगळ्यात आधी तुमच्यापासून ते लपवते, आणि तिला वैद्यकीय मदत मिळण्याचे पहिले दिवस त्यातच जातात. त्याऐवजी एवढे सांगा, की कुठेही, कोणत्याही अवस्थेत, कितीही वाजता असलीस तरी फोन कर, न्यायला येईन, जाब त्या रात्री विचारणार नाही. लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीवर कोण आहे हे प्रवेश घेतानाच विचारून घ्या. घरात मुलगाही असेल, तर समोरचा गप्प आहे म्हणजे हो म्हणत नाही, हे त्यालाही याच गंभीरपणे सांगा. आजवर आम्हाला आलेल्या चिठ्ठ्यांत "मुलगा पुण्याला चालला आहे, त्याला काय सांगू" असे विचारणारी एकही नव्हती.

१३. मी दारू प्यायले होते आणि स्वतःहून त्याच्या खोलीवर गेले होते. आता तक्रार करता येते का?

येते. खोलीवर जाण्याची संमती ही संबंधांची संमती नसते. नशेमुळे आपण कशाला होकार देत आहोत हेच समजत नसेल, तर तो होकार कायद्याने होकार ठरत नाही. पूर्वीच्या लैंगिक संबंधांविषयी प्रश्न विचारून संमती सिद्ध करण्यास साक्षीच्या कायद्यात मनाई आहे, आणि स्त्री संबंधांना सरावलेली आहे का हे पाहण्यासाठी वैद्यकीय तपासणीत केली जाणारी दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पीडितेच्या हक्कांचा भंग करणारी ठरवली व २०२२ मध्ये ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी मानण्यास सांगितले.

तक्रारीचा निर्णय होण्याआधीही रुग्णालयात जावे. गर्भधारणा टाळण्याची गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधे यांसाठी ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे. नमुने साधारणतः ९६ तासांपर्यंत घेतले जातात. शक्य असल्यास तोवर अंघोळ टाळावी आणि कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत, पण हे जमले नसेल तरी जावे. प्रत्येक रुग्णालयाने, मग ते सरकारी असो वा खासगी, विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. रुग्णालय पोलिसांना कळवते. सज्ञान स्त्रीला तेव्हा तक्रार नोंदवायची नसल्यास तसे लेखी सांगता येते आणि त्यामुळे उपचार अडत नाहीत. पोलीस ठाणे कोणतेही चालते, हद्दीचे कारण देता येत नाही, आणि जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेखाली मिळणाऱ्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. फोनवर बोलायचे असल्यास १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे, १०९८ बालकांसाठी.